गाडी काढायला कुठे शिकवतात?

मराठीत ‘गाडी काढ’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. घरातल्या मोठ्या माणसाने म्हटलं तर गाडी शेडमधून बाहेर आणायची. चित्रकलेच्या सरांनी म्हटलं तर कागदावर गाडीचं चित्र काढायचं. शिवाय पेपरात ‘अमुक कंपनीने नवी गाडी काढली’ असं छापून आलं, तर ती बाजारात आली, हा तिसरा अर्थ. पहिल्या अर्थाने गाडी काढणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. तिसऱ्या अर्थाने गाड्या काढणारे कारखाने कुर्ल्यापासून चाकणपर्यंत झाले. माझा प्रश्न मधल्या अर्थाचा आहे. कोऱ्या कागदावर गाडीची पहिली रेघ मारणारा माणूस महाराष्ट्रात कुठे तयार होतो?

हा प्रश्न मला आपणहून पडलेला नाही. तो दरवर्षी माझ्या फोनवर येतो. माझं गाव करकंब, पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गावाच्या हिशोबात ‘इंजिनिअर’ म्हणजे इंजिनिअर, त्यामुळे सीईटी, ब्रांच, कट-ऑफ, हॉस्टेल या सगळ्यातला मी जाणकार. निकाल लागले की मेसेज सुरू होतात. त्यात एक तरी असतोच: दादा, कार डिझाईनला जायचंय, कोणतं कॉलेज चांगलं?

रँकिंगची यादी फॉरवर्ड करणं सोपं आहे. पण कॉलेज कितव्या नंबरावर आहे एवढंच ती यादी सांगते. ते मुळात कशासाठी काढलं होतं, हे सांगत नाही. कुठलंही कॉलेज कुणाच्या तरी गरजेपोटी निघतं आणि ती गरज संपल्यावरही तिची सवय त्या इमारतीत राहते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी यादीऐवजी इतिहासात शिरलो.

कालवे, गिरण्या आणि एक चित्रशाळा

१८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आजच्या सीओईपीची ही सुरुवात. सरकारला तेव्हा रस्ते, पूल, कालवे, रेल्वे बांधायची होती. वरचा साहेब विलायतेतून यायचा. त्याच्या हाताखाली मापं घेणारा, नकाशा वाचणारा, मजुरांवर देखरेख करणारा माणूस इथेच तयार व्हायला हवा होता. पुढे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं, पदवी आली, पण नोकरी देणारा मालक बराच काळ एकच राहिला: सरकारी बांधकाम खातं. पुण्यातूनच १८८३ साली परीक्षा पास झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे याच खात्यात लागले. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते या गोष्टीत परत येणार आहेत.

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ही आपली व्हीजेटीआय. तिची गरज वेगळी होती. मुंबईत कापड गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहत होत्या. आमच्या सोलापुरातसुद्धा १८७७ साली पहिली गिरणी निघाली होती, जिला लोक पुढे ‘जुनी गिरण’ म्हणू लागले. या गिरण्यांना बॉयलर सांभाळणारे, शाफ्ट-पट्ट्यांचं गणित समजणारे, बिघडलेला माग चालू करणारे लोक हवे होते. माग स्वतः इंग्लंडहून यायचे. ते नव्याने कल्पायला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे आपल्या दोन सर्वांत जुन्या इंजिनिअरिंग संस्थांपैकी एक पाण्यासाठी निघाली आणि एक कापडासाठी. दोन्हींत यंत्र चालवायला, राखायला आणि हिशोबात बसवायला उत्तम शिकवत. यंत्राचा आकार ठरवणं हे दुसऱ्या देशातल्या माणसाचं काम होतं.

आकार शिकवणारी शाळा मुंबईतच होती, पण वेगळ्या आवारात. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे एक मुलगा चित्रकार व्हायला आला होता, लक्ष्मणराव किर्लोस्कर. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, तेव्हा त्याने रंग सोडून यांत्रिक रेखाटन धरलं. ते चांगलं जमलं आणि पुढे तो व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागला. तिथून बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. चित्रशाळेत डोळा तयार झालेला आणि यंत्रशाळेत हात तयार झालेला असा हा माणूस. आज ज्याला प्रॉडक्ट डिझायनर म्हणतात, ते काम त्यांनी तो शब्द प्रचारात नसताना केलं. पण एका माणसाच्या आयुष्यात दोन शाळा जोडल्या गेल्या म्हणून त्यांच्यामधली भिंत पडली नाही. बारावीनंतर एका बाजूला सीईटी आणि दुसऱ्या बाजूला आर्टची प्रवेश परीक्षा, ही आजची विभागणी त्याच भिंतीची आहे.

सोलापुरात जन्मलेले दोघे

गाड्यांच्या इतिहासात सोलापूरचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण महाराष्ट्रातल्या मोटार आणि इंजिन धंद्याचे दोन मोठे कर्ते सोलापुरात जन्मले. वालचंद हिराचंद १८८२ साली आणि लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्कर १९०३ साली.

वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला गेले, पण पदवी न घेताच बाहेर पडले आणि रेल्वेच्या कंत्राटांत शिरले. मग जहाजं, साखर, विमानं. मोटारीचा कारखाना ही त्यांची जुनी इच्छा. १९३० च्या दशकात विश्वेश्वरय्यांनी, म्हणजे कालव्यांच्या कॉलेजात शिकलेल्या त्याच माणसाने, भारतात मोटार कारखाना काढायची योजना आखली, त्यासाठी युरोप-अमेरिकेत जाऊन कारखाने पाहिले. ती योजना वालचंदांनी उचलली. ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

शंतनुरावांची वाट उलटी. ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे मूळच्या एमआयटीत गेले आणि १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आमच्या भागात विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर फटफटणारं इंजिन बघितलेले लोक अजून आहेत. त्यांच्यासाठी ‘किर्लोस्कर’ हे आडनाव नसून इंजिनचंच नाव आहे.

एकाकडे पदवी नव्हती, दुसऱ्याकडे जगातली नामांकित पदवी होती. पण वालचंदांनाही गाडीचा आराखडा बाहेरून आणावा लागला आणि शंतनुरावांनाही शिक्षण बाहेरून आणावं लागलं. घरच्या घरी गाडी कल्पायला शिकवणारी जागा त्या काळी नव्हती. १९४७ सालीच सांगलीत धोंडुमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. १९५५ मध्ये त्याला वालचंदांचं नाव मिळालं. आमच्याकडच्या मुलांना सांगलीचं वालचंद कॉलेज पाठ असतं. ते नाव मोटारीवाल्या वालचंदांचं आहे, हे मात्र क्वचित कुणाला माहीत असतं.

खोक्यातून आलेली गाडी

भारतात मोटारी सुरुवातीला सुट्या भागांच्या खोक्यांतून येत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत अशी जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथे बनवायचे. तसा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्या १९५० च्या दशकात निघून गेल्या. प्रीमियर राहिली, तिने इटलीच्या फियाटशी हात मिळवला आणि फियाट अकराशे आली. तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून आपण जिला ओळखलं, ती.

या फियाट अकराशेमागे मुख्य डोकं होतं दान्ते जियाकोसा यांचं. ते १९२७ साली ट्यूरिनच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले होते. म्हणजे पद्मिनी कुठल्या कॉलेजात ‘काढली’ गेली असं विचारलं, तर उत्तर ट्यूरिन असं येतं. कुर्ल्यात ती बनवली गेली. यात कुर्ल्याच्या कामगारांचा अपमान नाही. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून हजारो भाग मिलिमीटरच्या शतांश मापात इथे तयार करणं, त्यासाठी पुरवठादार उभे करणं, हे फार मोठं काम होतं. पुणे-पिंपरी पट्ट्यातली फाउंड्री आणि मशिन शॉपं त्याच शिस्तीत घडली. पण त्या कामाला लागतो तो प्रॉडक्शनचा इंजिनिअर. कॉलेजांनी तसेच इंजिनिअर दिले, कारण मागणी त्यांचीच होती. एकच गाडी थोडीफार जाळी बदलून तीस-चाळीस वर्षं विकली जाणार असेल आणि ग्राहक तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणार असतील, तर नवा आकार काढणाऱ्याला पगार कोण देणार?

तरीही काढणारे होते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी घ्या. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या या माणसाने १९४० च्या दशकाच्या शेवटाकडे स्वतःची छोटी, स्वस्त गाडी बनवायला घेतली. तिचं नाव ‘मीरा’. १९७० च्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारलेले नमुने बनवत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली. पण १९५१ च्या औद्योगिक कायद्याखाली परवान्याशिवाय कारखाना काढता येत नव्हता, आणि मीरा नमुन्यांच्या पुढे कधीच गेली नाही. टाटांची नॅनो आली तेव्हा अनेकांना मीरा आठवली. मला तिच्यातून वेगळं दिसतं. कॉलेज नसल्याने शंकररावांचं अडलं नाही, ते अडले बाजार आणि परवाना नसल्याने. त्यांच्यासारखा डोळा असलेल्या पुढच्या माणसासाठी कॉलेज काढावं, असं कुणाला वाटलंही नाही.

एसटीचं उदाहरण याच काळातलं. चेसिस टाटा किंवा लेलँडचा यायचा, पण वरची बॉडी एसटीच्या स्वतःच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधली जायची. खिडकीची उंची, सामानाचा टप, मागची शिडी, हे सगळं खड्ड्यांच्या रस्त्यावर पन्नास-साठ माणसं वाहणाऱ्या गाडीसाठी इथल्याच लोकांनी ठरवलं. त्यातले बरेच हात आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांचे. त्यांना डिझायनर कुणी म्हटलं नाही.

पिंपरी आणि १९८३

चित्र बदललं ते पुण्याजवळ. सुमंत मुळगावकर मुंबईचे, लंडनला इंजिनिअरिंग शिकून १९२९ साली पदवीधर झालेले. टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, ट्रक बनवायची घडी त्यांनी बसवली. १९६६ मध्ये पुण्याचा प्रकल्प उभा राहिला. त्यांनी तिथे टूल रूम, प्रशिक्षण विभाग आणि संशोधन केंद्र यांवर आधी भर दिला. जर्मन भागीदाराशी केलेला करार संपल्यावरही आपल्याला गाडी बनवता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी पुण्यात एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था सुरू झाली. १९८६ चा टाटा ४०७ हा ट्रक त्या केंद्राचं फळ. १९९४ साली आलेल्या सुमोचं नाव मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं. जपानी कुस्तीचा तिच्याशी संबंध नाही. शिकण्याची जागा इथे पहिल्यांदा कारखान्याच्या पोटात आली.

मग १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, इस्लामपूरजवळचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, पुण्याची एमआयटी ही सगळी त्याच वर्षातली. आमच्या पंढरपुरात गोपाळपूरला कॉलेज यायला १९९८ उजाडलं. या कॉलेजांना ‘शिक्षणसम्राटांची दुकानं’ म्हणून खूप नावं ठेवली गेली, त्यातली काही रास्तही होती. पण ती नसती तर करकंबसारख्या गावातून इंजिनिअर व्हायला निघालेल्या बहुतेक मुलांना दरवाजाच नव्हता. योगायोग असा की त्याच १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि गाडी ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गोष्ट होऊ लागली. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, मोटारींवरचा परवाना उठला. आता स्पर्धा आली, म्हणजे आकाराला किंमत आली.

शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीत गेले होते. गिरीश वाघ पुण्याच्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टाटा मोटर्समध्ये लागले. २००५ साली आलेल्या टाटा एसच्या टीमचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. ‘छोटा हाथी’ म्हटलं की लगेच डोळ्यांसमोर येईल. ती गाडी ठरवताना टीम तीनचाकी टेंपो चालवणाऱ्यांना जाऊन भेटली, ते काय वाहतात, कुठे अडतात, चारचाकी का हवी म्हणतात, हे विचारून आली. करकंबला आज द्राक्षाचे क्रेट, बेदाण्याची खोकी, मंडपाचे बांबू आणि वरातीतला डीजे, सगळं छोट्या हाथीतून जातं. १९८३ मध्ये निघालेल्या कॉलेजातून आलेल्या माणसाने गावाच्या गरजेची गाडी काढली, हा वर्तुळ पूर्ण होण्याचा क्षण आहे. अर्थात ‘काढली’ इथे तिसऱ्या अर्थाने. कारण १९९८ च्या इंडिकाचा आणि २००८ ला दाखवलेल्या नॅनोचा बाह्य आकार टाटांनी ट्यूरिनच्याच एका डिझाईन कंपनीच्या मदतीने घडवला होता. पद्मिनीनंतर काही दशकांनीही पहिली रेघ ट्यूरिनला जाऊन यायची.

रेघ मारणारे कुठून आले?

जगातही ही रेघ इंजिनिअरच्या टेबलावरून वेगळी झाली ती १९२७ साली. जनरल मोटर्सने हार्ली अर्ल या माणसाच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर सेक्शन’ काढलं. अर्लचे वडील गाड्यांच्या बॉडी बांधायचे. अर्लने कागदावरचं चित्र, मग मातीचं पूर्ण मापाचं मॉडेल, मग पत्रा, हा क्रम रूढ केला. क्ले मॉडेलिंग आजही स्टुडिओत शिकवतात. तिकडे इंग्लंडमध्ये १९५९ ची मिनी ज्यांनी कल्पिली ते अ‍ॅलेक इसिगोनिस इंजिनिअरिंग शिकताना गणितात तीन वेळा नापास झाले होते. चित्रं मात्र झकास काढायचे. मिनीचं इंजिन आडवं बसवून आत चार माणसांना जागा करणं ही कल्पना गणिताची की चित्राची, हे सांगता येणार नाही. ती दोन्हींच्या मधली आहे.

भारतात हे ‘मधलं’ शिकवायची सोय उशिरा झाली. १९५८ मध्ये अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ ला अहमदाबादची एनआयडी निघाली. १९६९ साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर, म्हणजे आयडीसी. दोन्हींचा रोख सुरुवातीला मोटारींवर नव्हता. हस्तकला, लघुउद्योग, घरातल्या वस्तू, छपाई यांना आकार द्यायचा होता. पण तिथून बाहेर पडलेले काही जण बाजार उघडल्यावर गाड्यांकडे वळले.

रामकृपा अनंतन यांनी पिलानीच्या बिट्समधून मेकॅनिकल केलं, मग आयडीसीत डिझाईनचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि १९९७ साली महिंद्रात लागल्या. २०११ ची एक्सयूव्ही ५०० आणि २०२० ची थार यांच्या डिझाईनमागे त्या होत्या. प्रताप बोस एनआयडीत शिकले, मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये वाहन डिझाईन. टाटांच्या टियागो, नेक्सॉन या गाड्या त्यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आल्या, आणि २०२१ मध्ये ते महिंद्रात गेले. एकीची वाट इंजिनिअरिंगमधून डिझाईनकडे, दुसऱ्याची थेट डिझाईनमधून. दोघांच्याही पदवीवर ‘ऑटोमोबाइल’ शब्द नाही.

आता पर्याय वाढले आहेत. एनआयडीच्या गांधीनगर केंद्रात वाहन डिझाईनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आयडीसीतही आहे. पुण्याजवळ लोणी काळभोरला २००६ पासून एमआयटीचं डिझाईन कॉलेज आहे. २०१५ पासून यूसीड ही परीक्षा देऊन बारावीनंतर थेट आयआयटीत डिझाईनच्या पदवीला जाता येतं. शाखा कुठलीही चालते, आणि परीक्षेत हाताने चित्र काढावं लागतं.

करकंबहून बघताना

यंदाचा मेसेज माझ्या मावशीच्या मुलाचा होता. तो अकरावीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर गाड्या काढतो, नुसत्या बाजूने दिसणाऱ्या नाही, तिरक्या कोनातून, चाकांची लंबवर्तुळं बरोबर पडलेल्या. मी विचारलं, चित्रकलेची परीक्षा दिली होतीस का? म्हणाला, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आहे.

मला इथे थांबावंसं वाटतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात. जे. जे. च्या परंपरेतली ही गोष्ट थेट झेडपीच्या वर्गात पोचलेली आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती, डिझाईन, सगळं त्यात असतं. पण आपण तिचं काय करतो? दहावीला थोडे वाढीव मार्क मिळतात, ते टक्केवारीत मिसळतात आणि प्रमाणपत्र फाईलमध्ये जातं. अकरावीला सायन्स घेतलं की चित्रकलेची वही बंद. म्हणजे ज्या वयात हात तयार होतो तिथेच आपण त्याला थांबवतो, आणि चार वर्षांनी ‘कार डिझाईनला कोणतं कॉलेज’ असं विचारतो.

दुसरी अडचण कॅलेंडरची. गावाचं शैक्षणिक वर्ष निकालापासून सुरू होतं. सीईटीचा निकाल, कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म. यूसीड मात्र जानेवारीत होते आणि तिचे अर्ज त्याआधीच्या ऑक्टोबरच्या आसपास सुटतात. निकालानंतर प्रश्न विचारणाऱ्याला ती गाडी त्या वर्षी मिळतच नाही. शहरातल्या मुलाला हे क्लासमध्ये कळतं. करकंबच्या मुलाला कुणी सांगितलं तरच.

मावसभावाचे वडील, आमचे काका, फोनवर आले. “चित्रं काढून पोट भरतंय का रे?” त्यांचा प्रश्न खोटा नाही. दोन एकर द्राक्षबाग, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. डिझाईन कॉलेजांची फी बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरिंगपेक्षा जास्त असते आणि गाड्यांच्या स्टुडिओतल्या जागा थोड्या. मी त्यांना सांगितलं ते असं.

आधी काम ठरवू, मग कॉलेज. गाडीवर तीन-चार वेगवेगळी माणसं काम करतात. एक आकार काढतो, त्याला डिझाईनची शाळा लागते. एक सस्पेन्शन, इंजिन, बॅटरी, धडकेत पत्रा कसा दुमडेल याचं गणित करतो, त्याला मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल. ब्रांचच्या नावापेक्षा कॉलेजची कार्यशाळा बघायची. २००७ पासून ‘बाहा’ नावाची स्पर्धा होते, मुलं स्वतः खडतर रस्त्यावर चालणारी गाडी बनवून आणतात. त्या कॉलेजची टीम आहे का, आणि ती गाडी पोरांनी स्वतः वेल्ड केली की विकत आणली, हे विचारायचं. तिसरा माणूस माझ्यासारखा. आजच्या गाडीत ब्रेकपासून डॅशबोर्डपर्यंत सॉफ्टवेअर असतं, त्याला कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स. आणि चौथा ती प्रत्यक्ष घडवतो, त्याला आयटीआय, डिप्लोमा आणि कारखान्यातली अ‍ॅप्रेंटिसशिप. हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी मानाचा, पण एसटीपासून टेल्कोपर्यंत अर्धी मोटार इंडस्ट्री त्यावर उभी राहिली.

काकांना हेही सांगितलं की दार एकदाच उघडत नाही. इंजिनिअरिंग करून मग सीड परीक्षा देऊन डिझाईनला जाता येतं, रामकृपा अनंतन यांच्यासारखं. त्यामुळे पहिलं कॉलेज घराजवळचं, परवडणारं असलं तरी रेघ सुटत नाही. अट एकच, वही बंद करायची नाही.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अन् ते जानेवारीतलं काय म्हणलास?”

यंदाच्या सुट्टीत मावसभाऊ रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात जातोय. तिथे उसाच्या ट्रॉल्या आणि फवारणीचे ब्लोअर बनतात. दुकानदार ट्रॉलीचा सांगाडा आधी फरशीवर खडूने पूर्ण मापात आखतो, मग त्यावर लोखंड मांडतो. मोठ्या डिझाईन स्टुडिओंत भिंतीवर काळ्या टेपने गाडीची पूर्ण मापाची बाह्यरेषा काढतात, त्याचंच हे भावंड. त्याचे फोटो मला येत असतात. यूसीडच्या अर्जाची आठवण मी दोघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवली आहे, त्याच्या आणि काकांच्या.